पहिली गिटार घरच्या कार्यशाळेत: पावसाळ्यात सुरुवात करावी की थांबावे?

प्रश्न – कोथरूडकर

सर्व जाणकारांना नमस्कार.

गेल्या काही वर्षांत शनिवार-रविवारच्या सुतारकामातून मी पुस्तकांचे कपाट, देव्हारा, स्टुले अशा घरगुती वस्तू केल्या आहेत. रंधा, पटाशी, गुण्या आणि बारीक दातांची करवत हाताला चांगली सरावली आहे, आणि पाव इंची दांड्याची बिटे घेणारा एक लहान राउटरही (लाकडात खाचा कोरणारे यंत्र) माझ्याकडे आहे. कार्यशाळा म्हणजे घराची मागची बंदिस्त गॅलरी. सोसायटीच्या नियमामुळे यंत्रे दुपारी दोन ते चार बंद ठेवावी लागतात, परंतु हातकामाला कोणाची हरकत नसते.

माझी मुलगी गिटार शिकते आहे आणि तिच्यासाठी स्टीलच्या तारांची अकूस्टिक गिटार स्वतः घडवावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. पेठेतला एक जुना वाडा उतरवला गेला तेव्हा मी त्यातली सागवानी तुळई विकत घेतली होती. ती सुमारे सहा फूट लांब, पाच इंच रुंद आणि चार इंच जाड असून पूर्ण वाळलेली आहे. फ्रेटबोर्डसाठी (मानेवरची बोटे दाबण्याची पट्टी) शिसव घ्यावा असे वाचनात आले आहे. आता मे महिना संपत आला आहे. काही जण सांगतात की पावसाळ्यात गिटारच्या कामाला हातच लावू नये. काही जण म्हणतात की आपल्याकडचे वाद्यकारागीर बाराही महिने काम करतात, तेव्हा त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. आठवड्यातून दोनच दिवस काम करणाऱ्या माणसाने पावसाळ्यात सुरुवात करावी की दिवाळीपर्यंत थांबावे? जुने सागवान गिटारला चालते का, आणि चालत असल्यास कोणत्या भागाला? पहिलेच वाद्य म्हणून अकूस्टिक गिटार हाती घेणे योग्य आहे का? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ – शिसवीपेटी (ठाणे)

कोथरूडकर, सर्वांत आधी हवेविषयी लिहिते, कारण लाकूड कोणते घ्यावे आणि कोणते वाद्य करावे हे दोन्ही निर्णय त्यावरच ठरतात.

लाकूड कितीही जुने आणि वाळलेले असले तरी ते हवेतला दमटपणा घेते आणि सोडते. हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकडात सुमारे ९ टक्के ओल राहते. आर्द्रता ३० टक्क्यांवर आली की ती ६ टक्क्यांच्या आसपास उतरते, आणि ८५ टक्क्यांवर गेली की १७ ते १८ टक्क्यांपर्यंत चढते. पुण्यात एप्रिलमधल्या दुपारी आणि जुलैमधल्या झडीत या दोन्ही टोकांचा अनुभव एकाच घरात येतो. ओलीबरोबर लाकूड रेषेच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, मात्र रेषेला आडव्या दिशेने ते फुगते आणि आकसते. देव्हाऱ्याच्या चौकटीत बसवलेली फळी हलली तरी बिघडत नाही, कारण तिला खाचेत मोकळीक असते. अकूस्टिक गिटारच्या वरच्या पातळ फळीला ती मोकळीक अजिबात नसते.

ती फळी रुंद भागात साधारण ३८० ते ४०० मिलिमीटर आणि जाडीला जेमतेम अडीच ते तीन मिलिमीटर असते. तिच्या पोटाला आतून आडव्या-तिरप्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, आणि या पट्ट्यांची रेषा फळीच्या रेषेला छेद देऊन जाते. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची उभ्या रेषांची (टोकाकडून पाहता वर्षवलये रुंद बाजूला काटकोनात असलेली) चांगली फळी घेतली तरी ओल एका टक्क्याने बदलली की एवढ्या रुंदीत सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो. आता समजा की जुलैमध्ये लाकडात १६ टक्के ओल असताना या पट्ट्या चिकटवल्या, आणि पुढच्या एप्रिलमध्ये ती ओल ७ टक्क्यांवर आली. फळीला चार-साडेचार मिलिमीटर आकसायचे असते, पट्ट्या तिला आकसू देत नाहीत, आणि फळी उभी तडकते. याउलट कोरड्या हवेत जुळवलेली गिटार पावसाळ्यात थोडी फुगते आणि तारा फ्रेटबोर्डपासून किंचित वर उचलल्या जातात, परंतु हिवाळा आला की ती पूर्ववत होते. म्हणूनच गिटार घडवणारे लोक पट्ट्या आणि पेटी (गिटारचे पोकळ अंग) चिकटवण्याचे काम ४० ते ५० टक्के आर्द्रतेत करतात. कोरड्या बाजूला झालेली चूक निस्तरता येते, ओल्या बाजूला झालेली येत नाही.

आता आठवड्याच्या दोन दिवसांचा प्रश्न. याविषयी फारसे कोणी लिहीत नाही, आणि माझ्या मते हौशी कारागिराची बरीचशी गिटार इथेच बिघडते. रोज काम करणाऱ्याचे लाकूड त्याच्या डोळ्यांसमोर असते. आपण रविवारी संध्याकाळी दिवा मालवतो आणि लाकूड पाच दिवस एकटे राहते. रंधून सपाट केलेली फळी तशीच बाकावर पालथी ठेवली, तर तिची वरची बाजू हवेशी देवघेव करते आणि खालची झाकलेली राहते. शनिवारी ती नौकेच्या आकाराची झालेली दिसते आणि सपाट करण्याचे सारे श्रम वाया जातात. यावर उपाय सोपा आहे. जाड लाकूड दोन सारख्या जाडीच्या पट्ट्यांवर ठेवावे, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखी हवा लागेल. पातळ केलेली फळी दोन सपाट प्लायवुडमध्ये दाबून प्लास्टिकमध्ये गुंडाळावी. आणि कोणताही भाग एकाच आठवड्यात शेवटच्या मापावर आणू नये. मानेचे लाकूड पहिल्या आठवड्यात मापापेक्षा एक सूत जाड ठेवावे, मग पाच दिवस विसावू द्यावे. त्याला जो काही बाक किंवा पीळ यायचा असेल तो येऊ द्यावा आणि नंतरच पुन्हा सपाट करावे. या कामात आपले पाच दिवसांचे अंतर उपयोगीच पडते, कारण घाईत असलेला व्यावसायिक कारागीरही लाकडाला एवढी विश्रांती देत नाही.

लाकूड स्थिरावले की नाही हे ओळखण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर शनिवारी सकाळी त्या तुकड्याचे वजन करावे आणि तारखेसह ग्रॅमचा आकडा पेन्सिलने त्याच्याच अंगावर लिहावा. ओळीने तीन-चार शनिवार आकडा हलला नाही, म्हणजे लाकूड तुमच्या खोलीच्या हवेशी जुळले. आर्द्रता मोजणारे छोटे घड्याळ मात्र जरूर घ्या आणि ते आधी तपासा. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घेऊन त्यावर ते ओलसर चिखलासारखे होईल एवढेच पाण्याचे थेंब टाकावेत आणि ते झाकण घड्याळासोबत हवाबंद डब्यात रात्रभर ठेवावे. घड्याळाने सकाळी ७५ टक्के दाखवले पाहिजे. जेवढा फरक दिसेल तेवढा पुढच्या प्रत्येक नोंदीत धरावा.

माझा स्पष्ट सल्ला असा आहे की या पावसाळ्यात भरीव अंगाची इलेक्ट्रिक गिटार करा. पंचेचाळीस मिलिमीटर जाडीच्या ठोकळ्याला दमटपणा हळूहळू भिडतो, त्यात रेषेला छेद देणारा कोणताही चिकटवलेला भाग नसतो, आणि मान स्क्रूने बसवलेली असल्यामुळे काही चुकले तर ती काढून पुन्हा बसवता येते. १९५० च्या सुमारास फेंडर या अमेरिकी कंपनीने बाजारात आणलेली सपाट फळीची रचना घरच्या कार्यशाळेसाठी आजही सर्वांत सोयीची आहे. मानेसाठी सुमारे ५६ मिलिमीटर रुंद आणि १६ मिलिमीटर खोल खाच राउटरने नेमकी कापता आली, की अवघड म्हणावे असे निम्मे काम झाले. अकूस्टिकच्या बाजूंच्या वाकवायच्या पट्ट्या, साचा आणि आतल्या पट्ट्या यांची तयारीही पावसाळ्यात करता येईल. चिकटवण्याचे काम तेवढे दिवाळीनंतर ठेवा.

उत्तर २ – मिरजमार्गे (सांगली)

शिसवीपेटी यांनी हवेविषयी लिहिलेले सर्व मला मान्य आहे, परंतु इलेक्ट्रिक गिटारचा सल्ला मला तितकासा पटत नाही. मुलगी अकूस्टिक शिकते आहे. तिला ज्या नादाची सवय आहे तो पातळ फळीच्या कंपनातून येतो, आणि वडिलांना शिकायची आहे ती कलाही तीच आहे. भरीव ठोकळा कापून त्यावर पिकअप (तारेच्या कंपनाचा विजेचा संकेत करणारा भाग) बसवल्याने राउटर चांगला चालवता येईल, पण फळी बोटाने ठोकून तिचा नाद ऐकत पातळ करत नेणे त्यातून शिकता येणार नाही. त्याऐवजी त्यांनी आधी टेनर आकाराचे युकुलेले (गिटारसारखे, चार तारांचे लहान वाद्य) करावे, असे मी सुचवेन. त्याच्या तारेची कंपनलांबी सुमारे ४३० मिलिमीटर असते आणि नायलॉनच्या चार तारांचा ताण अगदी कमी असतो. स्टीलच्या हलक्या तारांची अकूस्टिक गिटार सुरात लावली की तिच्या घोडीवर (वरच्या फळीवर तारा अडकवण्याचा ठोकळा) ७० किलोहून अधिक ओढ येते, तर नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारवर ती साधारण ४० किलो असते. ताण कमी म्हणजे चुकीला क्षमा अधिक. बाजूच्या पट्ट्या गरम नळीवर वाकवणे, तबली (वाद्याची वरची फळी) पातळ करणे, आतल्या पट्ट्या कोरणे, घोडी चिकटवणे हे सारे धडे त्यात मिळतात, आणि फळ्या अरुंद असल्यामुळे हवेचा फटकाही त्याच प्रमाणात कमी बसतो.

आमच्याकडे मिरजेत सितार-तंबोऱ्याचे काम एकोणिसाव्या शतकापासून चालत आले आहे आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सितारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथल्या कारागिरांकडे बसून पाहिलेल्या काही गोष्टी आपल्या प्रश्नाला थेट लागू पडतात. सितारीच्या दांडीला आणि तबलीला ते तुणीचे लाकूड वापरतात. तूण वजनाला हलकी, रंगाला तांबूस आणि वाळल्यावर शांत बसणारी असते. वनस्पतिशास्त्रात हिची गणना पूर्वी सेड्रेला या वंशात होत असे, आणि क्लासिकल गिटारच्या मानेसाठी स्पेनमध्ये ज्याला पिढ्यान्‌पिढ्या पसंती मिळाली ते लाकूड त्याच वंशातले आहे. महोगनीचेही कूळ हेच. तेव्हा क्लासिकल गिटारच्या किंवा युकुलेलेच्या मानेसाठी परदेशातून लाकूड मागवण्याची काहीच गरज नाही. चांगली वाळलेली, उभ्या रेषांची तूण आपल्या वखारीत शोधावी. भरीव अंगाच्या गिटारलाही ती सागवानापेक्षा बरी, कारण तेवढ्याच ठोकळ्याचे वजन सागवानात पाव ते एक तृतीयांशाने अधिक भरते आणि तासभर उभे राहून वाजवणाऱ्याच्या खांद्याला ते जाणवते.

आता सागवानाविषयी. जुने सागवान अतिशय स्थिर असते, ताठपणात ते मेपलच्या जवळ जाते, आणि इलेक्ट्रिक किंवा स्टीलच्या तारांच्या गिटारच्या मानेला ते उत्तम चालते. अकूस्टिकच्या मागच्या फळीला आणि बाजूंनाही चालते. तबलीला मात्र ते जड पडते. तिथे स्प्रूस किंवा सीडर घ्यावे. सागवानाच्या अंगात तेल असते आणि त्यामुळे सांधा दगा देऊ शकतो. सांध्याच्या दोन्ही बाजू ताज्या रंधाव्यात, ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या पांढऱ्या फडक्याने पुसाव्यात, फडक्यावर पिवळसर डाग येणे थांबले की लगेच गोंद लावून आवळावे. शनिवारी रंधून रविवारी चिकटवू असे म्हणू नये, कारण रात्रभरात तेल पुन्हा वर येते. सागवानात सिलिकाही असते आणि ती पटाशीची धार लवकर मारते. धारेचा दगड हाताशी ठेवावा.

गोंदाविषयी एवढेच सांगतो की घोडी आणि मानेचा सांधा यांसाठी साधा पांढरा गोंद टाळावा. उन्हाळ्यात बंद मोटारीत राहिलेल्या वाद्यात तो मऊ होतो आणि तारांच्या सततच्या ओढीने सांधा कणाकणाने सरकतो. वाद्यकारागीर सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला गोंद) वापरतात त्याला कारण आहे. सरस वाळल्यावर काचेसारखा कडक होतो, भाराखाली सरकत नाही, आणि पुढे कधी दुरुस्ती निघाली तर ऊब व ओल देऊन तो सांधा सोडवता येतो. सरस सुमारे ६० अंश सेल्सिअसला गरम ठेवून, सांध्याचे लाकूडही थोडे कोमट करून, मिनिटभराच्या आत आवळावा लागतो, म्हणून आधी गोंदाशिवाय सगळे शिकंजे लावून रंगीत तालीम करावी.

लाखेचे पॉलिश करणार असाल तर तेही पावसाळ्यात करू नये. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि पॉलिश पांढुरके पडते.

प्रश्नकर्त्याची पुरवणी – कोथरूडकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. घरी विचारविनिमय करून असे ठरवले आहे की पावसाळ्यात युकुलेलेचा साचा आणि वाकवण्याचा सराव करावा, आणि त्याच वेळी सागवानी मानेची एक भरीव इलेक्ट्रिक गिटारही हळूहळू पुढे न्यावी. म्हणजे मानेचे आणि फ्रेटचे (फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) काम त्या गिटारवर शिकता येईल आणि अकूस्टिक हाती घेताना ते नवखे राहणार नाही. कन्येला ही योजना पसंत आहे.

दोन शंका उरतात. फ्रेटची मापे कशी काढावीत आणि ती हातकरवतीने कापता येतात का? दुसरे म्हणजे, तुळईच्या डोक्याकडून पाहिले असता वर्षवलये रुंद बाजूशी साधारण पंचेचाळीस अंशांत तिरकी दिसतात. त्यातून मानेसाठी उभ्या रेषांची पट्टी कशी निघेल?

उत्तर ३ – डेन्व्हरस्थित (मूळ नगर)

फ्रेटविषयी मी लिहितो. हे काम मोजमापाचे आहे आणि शांत डोक्याने केले तर हातकरवतीने निर्दोष होते.

एका सप्तकात बारा अर्धस्वर असतात आणि प्रत्येक अर्धस्वराला तारेची उरलेली लांबी त्याच प्रमाणात कमी होते. त्यासाठी तारेच्या उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागत जावे. इलेक्ट्रिकसाठी ६४८ मिलिमीटर लांबी धरली, तर पहिला फ्रेट नटपासून (मानेच्या वरच्या टोकाची, तारा टेकण्याची पट्टी) ३६.३७ मिलिमीटरवर येतो. उरलेल्या ६११.६३ ला पुन्हा भागले की दुसरा ७०.७० वर, तिसरा १०३.१० वर, पाचवा १६२.५५ वर, सातवा २१५.५१ वर आणि बारावा बरोबर निम्म्यावर म्हणजे ३२४ वर येतो. सर्व मापे नटच्या काठापासूनच खुणावीत. एका फ्रेटपासून दुसऱ्या फ्रेटचे माप घेत गेल्यास प्रत्येक वेळची केसाएवढी चूक साठत जाते आणि बाराव्या फ्रेटवर सूर उतरतो किंवा चढतो. खूण पेन्सिलने करू नये, धारदार सुरीने करावी, म्हणजे करवतीला बसायला चीर मिळते.

फ्रेटबोर्डची पट्टी दोन्ही कडांनी समांतर असतानाच चिरा कापाव्यात, कारण गुण्या टेकवायला तेव्हाच सरळ कड मिळते. निमुळता आकार आणि वरची गोलाई नंतर द्यावी. करवतीच्या चिरेची रुंदी ०.५८ ते ०.६ मिलिमीटर असली पाहिजे. साधारण सुतारी करवत याहून रुंद चीर पाडते आणि मग फ्रेट ठोकल्यावर सैल बसतात, म्हणून एवढी एक करवत आणि फ्रेटची तार खास मागवावी लागेल. करवतीला दोन्ही बाजूंनी अचूक काटकोनात धरणारा एक लाकडी ठोकळा करून घ्यावा आणि टाकाऊ लाकडावर निदान दोन-तीन फ्रेटबोर्डांच्या चिरा पाडून पाहाव्यात. पावसाळ्यातल्या शनिवारांना याहून चांगले काम नाही.

फ्रेटबोर्ड मानेवर चिकटवताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. पाण्याचा गोंद लाकडाला ओल देतो, पातळ शिसव एका अंगाने फुगतो, आणि शिकंजे लवकर काढले तर मान मागे वाकते. रविवारी चिकटवून शिकंजे पुढच्या शनिवारीच सोडावेत. मानेच्या आतली पोलादी सळई दोन्ही दिशांना काम करणारी घ्यावी, म्हणजे ऋतूप्रमाणे पुढचा-मागचा दोन्ही बाक काढता येतो. तारा चढवल्यावर ती एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नये.

शिसवाविषयीही थोडे लिहितो, कारण इथे दूरदेशी बसून त्याची किंमत अधिक कळते. ब्राझीलने आपल्या रोझवुडचे ओंडके बाहेर पाठवणे बंद केल्यावर मार्टिन या नामांकित अमेरिकी कंपनीने १९६९ मध्ये भारतीय शिसवाकडे मोर्चा वळवला, आणि आज जगभरच्या असंख्य गिटारींच्या पाठी पश्चिम घाटातही वाढणाऱ्या याच झाडाच्या जातीच्या आहेत. जपून वापरावे असे हे लाकूड आहे. बाजारात उत्तरेकडचा शीशमही याच नावाने विकला जातो. तो रंगाने फिकट तपकिरी असतो, तर शिसवात जांभळट-काळपट पट्टे दिसतात. घेताना व्यापाऱ्याकडून रीतसर पावती मागावी. दोन्ही लाकडे २ जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रण यादीत आहेत. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली आहे, त्यामुळे मुलगी उद्या शिकायला परदेशी गेली तर स्वतःची गिटार सोबत नेऊ शकेल. सुटे लाकूड मात्र परवान्याशिवाय नेता येणार नाही.

आणि ती खरोखर कोरड्या प्रदेशात गेली, तर शिसवीपेटी यांनी सांगितलेला धोका दुपटीने वाढतो. इथे अमेरिकेत डेन्व्हरला हिवाळ्यात घर तापवलेले असते तेव्हा खोलीतली आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते. एका स्नेह्यांनी भारतातून आणलेली सुंदर गिटार पहिल्याच जानेवारीत घोडीपासून खालपर्यंत तडकलेली मी पाहिली आहे. फ्रेटबोर्ड आकसल्यामुळे फ्रेटची टोकेही बाहेर आली होती आणि हाताला बोचत होती. अशा ठिकाणी वाद्य पेटीतच ठेवावे आणि पेटीत ओलसर स्पंजाची छिद्रे पाडलेली डबी ठेवावी.

उत्तर ४ – शिसवीपेटी (ठाणे)

मिरजमार्गे यांची युकुलेलेची सूचना माझ्या सूचनेपेक्षा या घराला अधिक योग्य आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करते. दोन्ही कामे सोबत नेण्याची योजनाही चांगली आहे, फक्त एकाच शनिवारी दोन्हींना हात लावू नका.

तुळईविषयी. कापण्याआधी चारही अंगांवरून लोहचुंबक सावकाश फिरवा. वाड्याच्या लाकडात चौकोनी घडीव खिळे मोडून आत राहिलेले असतात आणि वर भोकही दिसत नाही. मात्र सागवानात लोखंडाभोवती निळसर-काळा डाग पसरलेला असतो, तो दिसला की तिथे खिळा आहे असे समजावे. वलये पंचेचाळीस अंशांत आहेत, याचा अर्थ तुळई जशी आहे तशी कापून कोणत्याही बाजूने उभ्या रेषा मिळणार नाहीत. मिळाल्या तरी नुसत्या उभ्या रेषांवर मी विसंबणार नाही. तुळई लांबीत फाडून सुमारे २५ मिलिमीटर जाडीच्या तीन पट्ट्या काढा, त्यांतली मधली उलटी फिरवा, म्हणजे शेजारच्या पट्ट्यांची वलये एकमेकींच्या विरुद्ध झुकतील, आणि मग तिन्ही चिकटवा. एका पट्टीला ज्या बाजूला पीळ पडायचा असेल त्याच्या विरुद्ध दुसरी ओढेल आणि मान सरळ राहील. पट्ट्या फाडल्यावर चिकटवण्याआधी निदान तीन आठवडे ठेवून द्या, कारण तुळईच्या गाभ्यातली ओल बाहेरच्या थरापेक्षा वेगळी असते आणि कापताक्षणी पट्ट्या वाकतात. टोकांना रंगाचा किंवा मेणाचा जाड हात द्या, नाहीतर तिथून चिरा जातात.

पावसाळ्यात युकुलेलेच्या पट्ट्या चिकटवण्याचा मोह झालाच, तर जुन्या लाकडी कपाटात कोरडी जागा करता येते. हवा २५ अंशांवर आणि ८५ टक्के दमट असेल आणि कपाटातले तापमान ३४ अंशांपर्यंत नेले, तर आतली आर्द्रता आपोआप पन्नास टक्क्यांच्या आसपास येते. त्यासाठी छोटा हीटर तापमान-नियंत्रकासह वापरावा, तो लाकडापासून आणि प्लास्टिकपासून दूर ठेवावा आणि घरात कोणी नसताना चालू ठेवू नये. फळी आणि पट्ट्या दोन्ही आठवडाभर त्या कपाटात राहिल्या पाहिजेत. चिकटवून आवळल्यावर पुन्हा तिथेच ठेवाव्यात, आणि पेटी बंद होईपर्यंत उघड्यावर सोडू नयेत.

शेवटचा मुद्दा तुमच्या बंदिस्त गॅलरीचा. शिसव आणि सागवान या दोन्हींची भुकटी काही जणांच्या त्वचेला आणि श्वासनलिकेला सहन होत नाही, आणि पहिल्या काही महिन्यांत काहीच झाले नाही म्हणून पुढेही होणार नाही असे नसते. लाकडाच्या भुकटीची गणना कर्करोगजन्य पदार्थांत केलेली आहे. रंध्याच्या सालीने त्रास होत नाही. राउटर आणि काचकागद यांच्यातून निघणारी, उन्हाच्या तिरिपेत तरंगताना दिसणारी बारीक भुकटी घातक असते. तोंडावर एन-९५ दर्जाचा घट्ट बसणारा मुखपट्टा बांधा, गॅलरीच्या खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा लावा, आणि घासण्याचे काम संपल्यावर जमीन झाडू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. कामाचे कपडे घरातल्या इतर कपड्यांबरोबर धुवायला टाकू नयेत. मुलगी शेजारी उभी राहून पाहत असेल तर तिच्याही तोंडावर तसाच मुखपट्टा हवा.